सांबराचं नाक आणि डोंगराचा वारा: व्हिक्टोरियाच्या रानात शिकलेली उजळणी

माझ्या जॅकेटच्या छातीवरच्या खिशात नाकात सोडायच्या औषधाची एक रिकामी बाटली कायम असते. तिच्यात वस्त्रगाळ राख भरलेली आहे. बाटली दाबली की राखेचा फुरका बाहेर पडतो आणि तो कुठं जातो ते बघायचं, एवढंच तिचं काम. रायफल, दुर्बीण आणि बूट यांवर मी जेवढा खर्च केला तेवढ्यात एखादी जुनी गाडी आली असती. पण सांबराजवळ मला नेलं ते या फुकटच्या बाटलीनं.

मी मेलबर्नला राहतो आणि सवड मिळाली की व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात जातो. मॅन्सफिल्ड, जेमिसन, लिकोला, डार्गो हा सगळा पट्टा. सांबर तेच, आपल्या कोयनेतलं. १८६० च्या दशकात वसाहतवाल्यांनी ते इथं आणून सोडलं आणि ग्रेट डिव्हायडिंग रेंजच्या ओल्या, दाट रानात ते इतकं फोफावलं की वरच्या पठारांवरच्या दलदली आणि कोवळी झाडं आता त्याच्या खुरांखाली जातात. म्हणून इथं त्याची पायी शिकार वर्षभर करता येते आणि संख्येची मर्यादा नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी असं माझंही मत आहे. तिकडच्या वाचकांनी हा लेख बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेच्या मचाणासाठी किंवा कॅमेऱ्यासाठी वाचावा. तुमच्या हातात काय आहे याच्याशी वाऱ्याला देणंघेणं नसतं.

इथल्या वाचकांसाठी कागदपत्रांचं थोडक्यात: पोलिसांचा शस्त्रपरवाना, गेम मॅनेजमेंट अथॉरिटी या राज्याच्या शिकार नियामक संस्थेचा हरणांच्या शिकारीचा परवाना, रायफल किमान .२७० ची (नळीचा व्यास, इंचांत) आणि गोळी किमान १३० ग्रेनची (हे तिचं वजन). सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत बंदी. अल्पाइन राष्ट्रीय उद्यानाचे ठरावीक भागच खुले असतात, तेही १५ फेब्रुवारी ते १५ डिसेंबर. नकाशा आणि नियम दर वेळी निघण्यापूर्वी बघा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

घरातून निघताना

वास घालवता येत नाही. हे आधी मान्य केलं की पुढचं सोपं जातं. दुकानात वास मारणारे फवारे मिळतात, कोळशाचं अस्तर लावलेले कपडे मिळतात. मी दोन्ही वापरून बघितले. वारा पाठीवर असताना दोन्हींनी मला वाचवलं नाही. आपण श्वास सोडतोच आणि चढावर घाम येतोच. मी वास कमी करतो तो एवढ्यासाठीच की चुकून एखादी झुळूक फिरली तर जनावरानं लगेच उधळण्याऐवजी दोन क्षण विचारात पडावं.

मराठी घरात या बाबतीत एक खास अडचण आहे, ती म्हणजे फोडणी. माझं शिकारीचं जॅकेट पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दाराच्या खुंटीवर टांगलेलं असायचं. हिंग, लसूण, तळणीचा धूर आणि सकाळची उदबत्ती या सगळ्यांचा थर त्यावर बसला होता, आणि घरातल्या कुणालाच तो जाणवत नव्हता, कारण आम्ही सगळे त्याच वासात राहतो. इथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, ज्याच्याकडून मी बरंच शिकलो, गाडीत शेजारी बसल्या बसल्या विचारलं, "आज जेवायला काय होतं?" मी सांगायच्या आत त्यानं खिडकी खाली केली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. कपडे बिनवासाच्या साबणानं किंवा नुसत्या खाण्याच्या सोड्यानं धुवायचे, बाहेर वाऱ्यावर वाळवायचे आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून तो डबा गॅरेजमध्ये ठेवायचा. घरातून साध्या कपड्यांत निघायचं आणि रानाच्या तोंडाशी गाडी उभी केली की तिथं बदलायचे. बूटही तिथंच. पेट्रोल पंपावर शिकारीचे बूट घालून उतरलात तर तो वास दिवसभर पावलागणिक जमिनीवर उमटत जातो, आणि सांबर जमिनीवरचा मागही हुंगतं. आदल्या दिवशी कच्चा कांदा-लसूण टाळावा असं म्हणतात. मी टाळतो, पण त्याचा कितपत उपयोग होतो यावर पैज लावणार नाही.

खरा फरक पडतो तो घामानं. चढ चढताना अंगात एकच पातळ बनियन ठेवा, मग थंडी कितीही असो. जाड कपडे पाठपिशवीत. वर पोचल्यावर दहा मिनिटं बसा, ओलं बनियन काढून घट्ट तोंडाच्या पिशवीत कोंबा, कोरडं घाला आणि मग जॅकेट चढवा. जॅकेट घालूनच चढलात तर उरलेला दिवस तुम्ही ओल्या घोंगडीसारखे वास मारत हिंडणार.

अंदाज वाचायचा, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही

हवामान खात्याचा वाऱ्याचा आकडा उघड्यावर, जमिनीपासून १० मीटर उंचीसाठी असतो. सांबराचं नाक असतं मीटरभर उंचीवर, आणि मध्ये नेचे, वॅटल (इथली बाभूळ), ब्लॅकबेरीची जाळी आणि आकाशाला भिडलेले निलगिरी. त्यामुळे अंदाजातून मी दोनच गोष्टी घेतो: वरच्या धारेवर वारा कोणत्या दिशेचा असेल आणि दिवसभरात तो फिरणार आहे का. व्हिक्टोरियात थंड हवेचा पट्टा (कोल्ड फ्रंट) येण्यापूर्वी वारा उत्तरेचा किंवा वायव्येचा असतो आणि पट्टा आला की एकदम नैऋत्येचा होतो. हा बदल दुपारी होणार असेल तर दुपारपर्यंतचा बेत वेगळा, नंतरचा वेगळा, किंवा नंतर सरळ चहा.

वारा अजिबात नसलेला दिवस नवख्याला आवडतो. मला नाही आवडत. ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा एका दिशेनं वाहणारा वारा हाच खरा मित्र. वास एकाच बाजूला जातो, शिवाय पाचोळ्यावरच्या पावलांचा आवाज पानांच्या सळसळीत बुडतो. निवांत हवेत वास तुमच्याभोवती डबकं करून साचतो आणि मग कुठल्या घळीत सांडेल याचा नेम नसतो.

डोंगर श्वास घेतो, त्याच्या वेळा असतात

आता मुख्य मुद्दा. डोंगरात दोन वारे असतात. एक वरचा, अंदाजातला. दुसरा उताराचा स्वतःचा. रात्री उतार थंड होतात, त्यांना चिकटलेली हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी खाली वाहू लागते. सोंडेवरून (डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या फाट्यावरून) घळीत, घळीतून ओढ्यात, ओढ्याबरोबर खाली. तिचा वेग माणूस रमतगमत चालेल एवढाच, पण सातत्य असं की राखेचा फुरका दोरी ओढल्यासारखा खाली जातो. सकाळी ऊन उतारावर पडलं की हवा तापते, हलकी होते आणि वर चढू लागते. संध्याकाळी ऊन गेलं की पुन्हा खाली.

हे ऐकायला सोपं आहे. मला फसवलं ते सूर्यानं. मी वाढलो साताऱ्याच्या बाजूला, आणि हिवाळ्यात ऊन दक्षिणेच्या उतारावर येतं हे माझ्या हाडात बसलेलं. इथं दक्षिण गोलार्धात सगळं उलटं. ऊन उत्तरेच्या उतारावर. जूनमध्ये भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर असतो, म्हणजे त्याहून तीव्र असलेल्या दक्षिण उताराला दिवसभर ऊनच मिळत नाही. पहिल्या हिवाळ्यात अकरा वाजता मी अशाच एका उताराच्या माथ्यावरून खाली उतरत होतो. आता हवा वर चढत असणार आणि वारा तोंडावर येणार, असा हिशेब. गवतावर दव तसंच होतं, नेच्यांची पानं गोठून कडक झालेली. ती चिन्हं मी बघितली आणि सोडून दिली. ऐंशी मीटर खालून एकदम "ढांक!" अशी सांबराची इशाऱ्याची हाक आली आणि वॅटलच्या काटक्या मोडत काहीतरी मोठं निघून गेलं. मग मी बाटली दाबली. राख माझ्या बुटांवरून घरंगळत थेट खाली, तो आवाज जिथून आला तिकडे.

तर घड्याळावर जाऊ नका, उतारावर ऊन आहे का ते बघा. ढगाळ दिवशी हवा वर चढायला फार उशीर होतो, कधी चढतच नाही. दाट धुकं दरीत बसलं असेल तर ते विरेपर्यंत खालची हवा जागची हलत नाही. आणि वाहत्या थंड ओढ्याच्या काठानं भर दुपारीही हवेचा एक अरुंद पट्टा खाली सरकत राहतो. दहा पावलं वर गेलं की वारा वेगळा.

दोन वेळांच्या मधला काळ सगळ्यात वाईट. हवा खाली जायची थांबली आहे आणि वर जायला लागलेली नाही. राख हातभर पुढं जाते, थबकते, गिरकी घेऊन तुमच्याच तोंडावर येते. हा काळ वीस मिनिटांचा असू शकतो किंवा तासाभराचा. या वेळात हलू नका. झाडाला पाठ टेकून बसा, थर्मास उघडा. माझी निम्मीअधिक उधळलेली सांबरं याच वेळात, "आता पोचलोच आहे, अजून शंभर मीटर" या हावेनं उधळली आहेत.

राख आणि कापूस

राख लाकडाची, पूर्ण जळलेली. दोनदा सुती कापडातून गाळा, नाहीतर बाटलीचं तोंड तुंबतं. सुगंधी टाल्कम भरू नका, वासासाठीच एवढं करायचं आणि त्यातच गुलाबाचा वास सोडायचा, याला अर्थ नाही.

राख पाच-सात मीटरपर्यंतच दिसते. त्यापुढचा वारा कळायला कापूस लागतो. पिंजलेल्या कापसाचा अगदी विरळ तंतू बोटांत धरून सोडला की तो तरंगत तीस-चाळीस मीटर जातो आणि दुर्बिणीतून त्याच्या मागं जाता येतं. पहिल्यांदा बघाल तेव्हा गंमत वाटेल: तंतू समोर सरळ जातो, घळीच्या कडेला पोचला की झटक्यात उजवीकडे वळतो आणि खाली बुडतो. म्हणजे तुमचा वासही तिथंच बुडतोय. सावरीचा कापूस याला सगळ्यात उत्तम, पण तो गावाहून बॅगेत घालून आणू नका. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर झाडापाल्याच्या वस्तूंवरून काय होतं ते इथं राहणाऱ्यांना माहीत आहे. औषधाच्या दुकानातला कापूस हातानं पिंजला तरी पुरतो.

मी दर चाळीस-पन्नास पावलांवर आणि जमिनीचा आकार बदलला की लगेच तपासतो. एकदा छातीच्या उंचीवर, एकदा गुडघ्याशी. दोन्हीकडे दिशा वेगळी आली तर दोन वारे भांडतायत, तिथून पुढं अगदी सावकाश.

जमिनीचे आकार

सह्याद्रीत भटकलेल्याला इथं नवीन शब्द लागत नाहीत. धार, सोंड, खिंड, घळ, पदर (उतारावरचा सपाट टप्पा), सगळं तसंच आहे.

खिंडीत वारा चेपून जोरानं निघतो. तिथं दिशा पक्की असते, पण पलीकडे बाहेर पडला की तो पंख्यासारखा पसरतो. सोंडेच्या नाकाडावर तो दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी मागं वळून येतो, म्हणून नाकाडावर बसू नये. घळीचं डोकं, जिथं दोन-तीन नाळा एकत्र येतात, तिथं तर भोवराच असतो. मी तिथून जाणं टाळतो, लांबचा वळसा पडला तरी.

धारेची आडोशाची बाजू नीट समजून घ्या. वारा धार ओलांडतो तेव्हा पलीकडच्या उतारावर तो गुळगुळीत खाली जात नाही, लाटेसारखा गुंडाळून पुन्हा वर येतो. म्हणजे अंदाजानुसार वारा खाली जायला हवा तिथं राख वर येते. वयात आलेला नर नेमका हाच भाग निवडतो: आडोशाच्या उताराचा वरचा तिसरा हिस्सा, तिथला एखादा लहानसा पदर, पाठीला झाड. मागून धारेवरून आलेली हवा त्याला माथ्यावरच्या हालचाली सांगते, खालून चढणारी हवा दरीतली बातमी आणते आणि डोळे समोर मोकळे. सांबर बसल्याची अंडाकृती खोलगट जागा सापडली की मी तिच्यात गुडघे टेकून बसतो, तिथून काय दिसतं ते बघतो आणि राख उडवतो. त्या एका जागेवर बसून जे कळतं ते नकाशावर तासभर बोट फिरवून कळत नाही.

एक दिवस, एक डोंगर

माझ्या नेहमीच्या जागेचा दिवस सांगतो. धार पूर्व-पश्चिम. तिचा उत्तर उतार खाली ओढ्यात उतरतो आणि ओढा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जून महिना, आकाश निरभ्र, वरचा वारा वायव्येचा. सांबरं रात्री ओढ्याकाठच्या ब्लॅकबेरीत चरतात आणि उजाडता उजाडता सोंडेवरच्या पदरांकडे चढतात.

उजेड होण्याआधी मी ओढ्याच्या खालच्या, म्हणजे पूर्वेकडच्या टोकाला असतो. गार हवा ओढ्याबरोबर माझ्या तोंडावर येतेय. प्रवाहाच्या वरच्या दिशेनं अगदी हळू, दोन पावलं आणि थांबा, दोन पावलं आणि थांबा. तासाला तीनशे मीटर झाले तरी घाई झाली समजा. साडेसातच्या सुमारास सूर्य उगवतो, पण दरीत ऊन यायला बराच अवकाश असतो, आणि हाच काळ सोन्याचा. कधी कधी ओल्या जनावराचा उग्र, गोठ्यासारखा वास आधी माझ्याच नाकाला येतो. तेव्हा समजावं की वारा बरोबर आहे.

राख डळमळू लागली की थांबायचं. ती वर जायला लागली, आणि सलग दहा मिनिटं वरच जात राहिली, की चढायला सुरुवात. ज्या सोंडेवर सांबरं गेली असावीत तिच्यावरून मात्र चढायचं नाही. तिच्या पूर्वेची दुसरी सोंड धरायची, म्हणजे वायव्येचा वारा आणि चढती हवा मिळून माझा वास आग्नेयेला, धारेपलीकडे नेतात. माथ्याला पोचल्यावर धार ओलांडून दक्षिणेच्या अंगानं, माथ्याच्या थोडं खालून, पश्चिमेला सरकायचं. आभाळावर आकृती उमटत नाही आणि वास दक्षिणेच्या दरीत जातो. योग्य सोंडेच्या वर आलो की पुन्हा धार ओलांडून वरून खाली उतरायचं. आता वारा तोंडावर. सांबराचं लक्ष खाली असतं, वरून कोणी येईल अशी त्याला फारशी शंका नसते.

त्याच दिवशी दुपारी वारा नैऋत्येचा झाला तर हा उत्तर उतार आडोशाचा होतो. वरून येणारा गुंडाळलेला वारा आणि खालून चढणारी हवा भांडायला लागतात. मी तेव्हा उतरणं सोडून देतो. आज न बघितलेलं सांबर पुढच्या शनिवारी तिथंच असतं. आज वास लागलेलं सांबर त्या पदरावर परत कधी येईल याची खात्री नाही.

संध्याकाळी पुन्हा ओढ्याकडे. समोरचा, उत्तर काठावरचा उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे त्याची हवा आधीच खाली वाहत असते. मी त्या उतारावर थोडं वर बसतो, पण सांबरं जिथं उतरतात त्या जागेच्या प्रवाहाखालच्या बाजूला. माझा वास ओढ्यात उतरतो आणि पूर्वेला वाहून जातो, त्यांच्याकडे जात नाही. झाडीच्या शेंड्यांवर अजून पिवळं ऊन असतं तेव्हाच पायाशी गारवा जाणवू लागतो. त्या आधी जागेवर बसलेलं असावं.

वारा फिरलाच तर

मानेमागे गार झुळूक जाणवली की पहिलं काम जागच्या जागी थिजणं. सांबर दिसत असेल तर त्याच्याकडे बघा. डोकं वर, कान पुढं, नाक उचललेलं, पुढचा पाय आपटतंय आणि ढांक ढांक ओरडतंय, तर बहुतेक त्यानं तुम्हाला पाहिलंय किंवा ऐकलंय, वासानं पक्कं केलेलं नाही. अशा वेळी झुळूक परत फिरली तर ते शांत होतं. मी वीस मिनिटं एका पायावर अशी काढली आहेत. पण खात्रीचा वास लागलेलं सांबर माझ्या अनुभवात ओरडत बसत नाही. तीनशे किलोपर्यंत भरणारा नर जाळीतून असा नाहीसा होतो की फांदी हलल्याचंही दिसत नाही. त्याच्यामागे जाऊ नका. तो धार ओलांडून थांबेल, मागचा वारा घेत उभा राहील आणि तुम्ही नेमके त्याच वाऱ्यावर चढत असाल.

गडबडीत गोळी झाडण्याचा मोहही याच क्षणी होतो. पूर्ण जनावर ओळखलं नाही, त्याच्यामागे काय आहे ते दिसत नाही, तर बोट घोड्यावर जाता कामा नये. रानात दुसरेही लोक असतात.

शेवटी एक वही ठेवा. एकाच डोंगराला वर्षभर जा आणि हवा किती वाजता फिरली ते लिहा. दहा डोंगरांवर एकेकदा जाण्यापेक्षा हे कामाला येतं. माझ्या वहीतल्या त्या उत्तर उताराच्या नोंदी अशा आहेत:

"जून. निरभ्र. राख ९.४० ला थांबली, १०.०५ ला वर. दुसऱ्या पदरावर मादी आणि पिल्लू, बघून परतलो."

"जुलै. ढग. राख १२ पर्यंत खालीच. चढलो नाही. डबा ओढ्याकाठी खाल्ला."

"सप्टेंबर. निरभ्र. ८.५० लाच वर! उशीर झाला, ओढ्यातच होतो. ढांक."